पितळी भांड्यांतील हिरवळ

जुन्या मराठी घरांचे माळे रिकामे होऊं लागले म्हणजे प्रथम बाहेर निघतें तें पितळ. घंगाळ, बंब, हंडा, कळशी, तपेलें, परात असा सारा गोतावळा अंगणांत मांडला जातो आणि मग घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाचें म्हणणें, मोड घेणाऱ्यास बोलवावें, वजन करावें आणि मोकळें व्हावें. दुसऱ्या पक्षाच्या तें अगदीं जिवावर येतें. परंतु दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत घंगाळ ठेवावयाचें कोठें, या प्रश्नास त्याच्याजवळ उत्तर नसतें. अलीकडे शहरांतून या भांडणावर एक तोड निघाली आहे. घंगाळांत झाड लावावें व तें दिवाणखान्यांत ठेवावें. तोड चांगली आहे. मात्र ती ज्या उतावळेपणानें अमलांत येते, त्यानें कित्येकदां भांडेंहि जातें आणि झाडहि जातें.

हीं भांडीं काय होतीं, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. ढोबळ मानानें दोन भाग तांबें आणि एक भाग जस्त. पत्रा ठोकून ठोकून त्यास पोट, मान व कांठ आणणें हें मोठ्या कसबाचें काम. पुण्यांत कसबा पेठेंतील तांबट आळींत अशा कारागिरांची वस्ती पेशवाईपासून आहे, आणि घडलेल्या भांड्यावर एकसारखे ठोके देऊन त्यास झळाळी आणण्याच्या त्यांच्या रीतीस मठारकाम म्हणतात. लग्नामुंजींत अशीं भांडीं देत आणि देतांना त्यांवर नांव घालीत. बारीक छिन्नीनें ठिपक्याठिपक्यांचीं अक्षरें उमटत: कोणीं दिलें, कोणास दिलें, केव्हां दिलें. जिचें नांव ना सातबाऱ्यावर चढलें, ना घराच्या पाटीवर, अशा पणजीचें नांव कित्येक घरीं एवढ्या एका हंड्याच्या कांठावर राहिलें आहे. मोडींत जातें तें हेंहि.

स्वातंत्र्यानंतर स्टेनलेस स्टीलचा प्रसार होत गेला, न्हाणीघरांत विजेचे व गॅसचे बंब आले, कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. त्याबद्दल गळा काढण्यांत अर्थ नाहीं. ज्या बायकांनीं तीं भांडीं वर्षानुवर्षें राखेनें व चिंचेनें घासलीं, त्यांस हलकें स्टील हातीं आल्यावर सुखच वाटलें असेल.

आतां झाडाचा विचार. घंगाळास तळाशीं भोंक नसतें. त्यांत माती भरून झाड लावलें कीं पाणी तळाशीं सांचतें, मुळांस हवा मिळत नाहीं आणि तीं कुजतात. मग कोणी लोहारास गांठून तळास भोंक पाडून घेतो. शंभर वर्षें न गळलेल्या भांड्यास असें गळकें करण्याचें वस्तुतः कांहीं कारण नाहीं. इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीच्या काळीं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत ॲस्पिडिस्ट्रा नांवाचें पूर्व आशियांतील एक झाड फार बोकाळलें होतें. काजळी, गॅसच्या दिव्यांची कोंदट हवा, अंधार, सर्व तें सोशी. जॉर्ज ऑर्वेलनें १९३६ सालच्या आपल्या एका कादंबरीच्या नांवांतच त्यास मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचें निशाण बनविलें. तें झाड पितळी वा चिनी मातीच्या शोभिवंत पात्रांत ठेवीत. परंतु तें पात्र म्हणजे नुसता बाहेरचा अंगरखा. आंत साधी भोंकाची कुंडी असे. सारी मेख येथें आहे.

मातीचा स्पर्श पितळेस होऊं न देण्यास दुसरेंहि कारण आहे. कल्हई उडालेल्या भांड्यांत दहीं वा आमटी ठेवली तर ती कळकते, हें जुन्या गृहिणींस सांगावें लागत नसे. आंबट पदार्थ तांबें सोडवून घेतो. ओली आम्लधर्मी माती तेंच काम सावकाश करते. झाडास तांबें लागतें, पण अगदीं लेशमात्र. त्याहून अधिक झालें कीं मुळें खुंटतात. कुंडींतल्या कुंडींत मुळें गुरफटूं नयेत म्हणून कित्येक रोपवाटिकांतून कुंडीच्या आंतल्या अंगास मुद्दाम तांब्याचा क्षार लावतात, तो याच गुणासाठीं. १८८५ सालीं फ्रान्समध्यें मिलार्दे यानें द्राक्षवेलींच्या रोगावर मोरचूद व चुना यांचें जें मिश्रण पुढें आणलें, त्यांतहि बुरशीस मारतें तें तांबेंच.

खताची गोष्ट याहून नवलाची. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतील लष्कराचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत, कोणीं हात न लावतां, तडकत. ठोकून वा दाबून ताण बसलेलें पितळ दमट हवेंत अमोनियाच्या संसर्गानें चिरतें, आणि हा अमोनिया जवळच्या तबेल्यांतून येई, असा उलगडा १९२१ सालीं झाला. ठोक्याचें घंगाळ हें ताण बसलेलेंच पितळ होय. ताजें शेणखत अथवा युरिया यांतून हाच वायु निघतो. म्हणजे ज्यानें झाड पोसतें त्यानेंच भांडें फुटावें, असा प्रकार.

तेव्हां झाड साध्या कुंडींत असूं द्यावें, आणि घंगाळांत विटेचा तुकडा ठेवून त्यावर ती कुंडी बसवावी. याचा आणखी एक लाभ असा कीं २० लिटरचें घंगाळ ओल्या मातीनें भरलें तर नुसत्या मातीचाच भार २५ किलोंच्या घरांत जातो. कुंडी मात्र हवी तेव्हां उचलून उन्हांत नेतां येते. तळाशीं निथळलेलें पाणी आठवड्यांतून एकदां तरी ओतून टाकलेंच पाहिजे. डेंग्यू पसरविणारा एडीस डास अशाच घरगुती स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो व आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडूं लागते. शोभेपायीं शेजाऱ्यास ताप आणणें बरें नव्हे.

झाडें निवडतांना पितळेचा रंग विसरूं नये. पॅसिफिक महासागरांतील मूरिया बेटावरून जगभर गेलेला मनी प्लांट कोठेंहि जगतो खरा, पण त्याच्या पानांवरील पिवळे शिंतोडे पितळेशेजारीं मावळतात. गर्द हिरवा नेचा किंवा उभ्या तलवारीसारखीं पानें असलेली सान्सेव्हेरिया अधिक खुलते. नेच्यास बसकें घंगाळ द्यावें. बंबाच्या पोटांत जाळाची नळी असल्यामुळें कुंडी मावत नाहीं. कळशीच्या गळ्यांतून ती उतरत नाहीं. तेथें आंत कांचेची बाटली ठेवून चार फांद्या खोंवाव्या. खाण्याची कोथिंबीर वा पुदिना मात्र या भांड्यांत लावूं नये, कारण जुन्या डागकामांत शिसें असूं शकतें. आणि देवघरांतील ताम्हन व समई यांस या कामास जुंपूं नये. त्यांस अद्याप त्यांचें काम आहे.

राहतां राहिलें घासणें. लिंबू व मीठ लावल्यावर भांडें लगेच भरपूर पाण्यानें धुवून कोरडें करावें, नाहीं तर सांध्यांत हिरवें जंगाल धरतें. नांव घातलेल्या जागीं घासणी लावूं नये. तेथें मऊ फडकें पुरे. अक्षरें आधींच पुसट झालीं असल्यास त्यांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवावी. ठिपके कागदावर उमटतात आणि नांव वाचतां येतें. भांडें मांडतांना ती बाजू भिंतीकडे न करतां खोलीकडे करावी.