मागच्या सीटवरच्या तिघी



आज आम्ही एका फोटोबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून आम्ही सांगतो तसा डोळ्यांसमोर आणा. एक जुनी मोटार, बाजूंनी उघडी. पुढं मोठे दिवे. चाकांना आपल्या बैलगाडीसारखे लाकडी आरे, फक्त कडेला रबरी टायर. गाडीत चार बायका. पाऊस पडतोय म्हणून चौघींनी अंगभर रबरी झगे घातलेत, डोकी बांधलीत. इतक्या गुंडाळलेल्या, की त्यांच्या आयांनासुद्धा कोण कुठली ते पटकन सांगता आलं नसतं. साल १९०९, तारीख ९ जून, गाव अमेरिकेतलं न्यूयॉर्क.

फोटो जाहिरातीचा आहे. मॅक्सवेल-ब्रिस्को नावाची मोटारी बनवणारी कंपनी होती. तिच्या विक्रीचं काम बघणाऱ्या केल्सी नावाच्या गृहस्थांना जाहिरातीच्या एकेक अचाट कल्पना सुचत. त्यांनी ठरवलं, की एका बाईनं आपली गाडी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे देशाच्या या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत चालवत न्यायची. बाई एवढी लांब नेते म्हटल्यावर गाडी भरवशाचीच असणार, असं लोकांना वाटावं. गाडी कंपनीची, खर्च कंपनीचा. पुढच्या गावी रेल्वेनं आधीच पोचून हॉटेल बघायला आणि पेपरवाल्यांना गोळा करायला एक पत्रकारही नेमला होता. म्हणजे प्रसिद्धीत काही कमी ठेवलं नव्हतं.

आणि तरी नावाची गंमत बघा. चाकावर बसलेल्या बाईचा उल्लेख त्या वेळच्या छापील मजकुरात 'मिसेस जॉन आर. रॅमसे' असा. जॉन हे नवऱ्याचं नाव. आपल्याकडं 'सौ.' लावून लिहितात त्यात निदान बाईचं पहिलं नाव तरी असतं, इथं तेही नाही. बाकीच्या तिघी नुसत्या 'सोबतिणी'.

आता समजा, असा एखादा फोटो जुन्या पेटीत सापडला आणि मागं काहीच लिहिलेलं नाही. मग माणूस ओळखायचं कसं? सगळ्यात आधी ओळखू येते ती गाडी. दिवे, चाकं, पुढची जाळी यांवरून जाणकार सांगतात, की ही मॅक्सवेल, मॉडेल डीए, चार सिलिंडरची, तीस अश्वशक्तीची. फोटो तिच्यासाठीच काढला होता ना! साल कळलं की त्या सालचे पेपर चाळायचे. तिथं नाव मिळतं, पण नवऱ्याचं. मग त्याच्या मागावर जायचं. हे जॉन रॅमसे वकील होते, पुढं १९१७ ते १९२१ अमेरिकेच्या संसदेत होते, त्यामुळं त्यांच्या नोंदी जागोजागी. त्यांचं लग्न १९०६ सालचं. त्या लग्नाच्या धाग्यावरून मागं गेलं की बाई सापडते. अ‍ॅलिस हायलर. जन्म १८८६, गाव न्यू जर्सी राज्यातलं हॅकनसॅक. लग्नाआधी व्हासार या मुलींच्या कॉलेजात शिकलेली. बाईचं माहेरचं नाव शाळा-कॉलेजच्या दाखल्यात टिकतं, ही गोष्ट आपल्या तलाठी कार्यालयापुढं तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

अ‍ॅलिस तेव्हा २२ वर्षांची होती. घरी लहान मुलगा. तिची घोडागाडी एकदा एका मोटारीला बुजली, म्हणून नवऱ्यानंच तिला मोटार घेऊन दिली होती. त्याला स्वतःला मोटारीची हौस नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा रस्ता सुमारे ३,८०० मैलांचा, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या वर. त्यातला पक्का रस्ता फक्त १५२ मैल. बाकी सगळी माती, वाळू, खडक आणि चिखल. आयोवा नावाच्या एका राज्यातले ३६० मैल पार करायला जवळजवळ १३ दिवस लागले. म्हणजे दिवसाला ४५ किलोमीटरसुद्धा नाही. देशाच्या पश्चिमेकडं रस्त्याची पुस्तकं संपली, तेव्हा त्या तारांचे खांब बघत गेल्या. ज्या खांबांवर तारा जास्त, तिकडं गाव असणार! ११ टायर अ‍ॅलिसनं बदलले, ब्रेकचं पायडल मोडलं तेही तिनंच दुरुस्त केलं. ५९ दिवसांनी, ७ ऑगस्टला, चौघी सॅन फ्रान्सिस्कोत पोचल्या. सगळा देश मोटार चालवत ओलांडणारी ती पहिली बाई.

पण आम्हांला ओढ लागली ती मागच्या तिघींची. त्यांतल्या एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. आणि त्या कोण होत्या, माहीत आहे? दोघी अ‍ॅलिसच्या नणंदा! नेटी पॉवेल आणि मार्गारेट अ‍ॅटवूड. हे कळल्यावर आमच्या बैठकीत एवढा हशा पिकला, की हिशोबाची वही बाजूला राहिली. दोन महिने, उघड्या गाडीत, चिखलात, आणि बरोबर दोन नणंदा. तिसरी मैत्रीण, हर्मिन यान्स. नणंदा भावजयीपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, नेटकं राहणाऱ्या. एकदा चिखलातून चालून चालून रेडिएटरमधलं पाणी संपलं आणि बादली काही जवळ नव्हती. तेव्हा या दोघींनी आपल्या सामानातली दातांचे ब्रश ठेवायची काचेची नक्षीदार भांडी काढली आणि त्यांतून शेजारच्या चरातलं पाणी घोटघोट आणून गाडीत भरलं. जाहिरातीच्या फोटोत हे येत नाही. आमच्या मते खरी जाहिरात तीच होती.

एकाच घरातल्या या तिघींची आडनावं तीन. भावजय रॅमसे, एक नणंद पॉवेल, दुसरी अ‍ॅटवूड. नुसत्या नावांवरून कुणी म्हणेल का, की या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत? हे आपल्याला कळतं याचं मोठं कारण म्हणजे अ‍ॅलिसनं पुढं १९६१ साली आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात तिघींनाही आणलं. ती १९८३ पर्यंत जगली. अमेरिकेत मोटार धंद्यातल्या थोर माणसांचं एक सन्मानदालन आहे, तिथं मान मिळालेली ती पहिली बाई. तो मान २००० साली मिळाला, म्हणजे ती गेल्यावर १७ वर्षांनी.

आता आपल्याकडं या. आपल्यात तर लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहितात. आडनाव बदलतंच, कित्येकींचं पहिलं नावही जातं. आमच्या गटाकडं २००७ सालच्या पेपरातलं एक कात्रण आहे. पहिलं कर्ज मिळालं त्या दिवशीचं. खाली ओळीनं नावं: साहेब, सरपंच, ग्रामसेवक, 'व बचत गटाच्या महिला'. महिला बारा होत्या.

ते कात्रण आम्ही काढलं, कारण दोन जुने गट एक करताना एका सभासदाची बचत तशीच पडून असलेली सापडली. महिना ५० रुपयांप्रमाणं भरलेली. वहीत जे नाव, त्या नावाची बाई गावात कुणी नाही. कात्रणातल्या अकरा जणी ओळखू आल्या. कडेची एक, पदर कपाळापर्यंत ओढलेली, ती कोण? गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजींनी फोटो डोळ्यांपाशी धरला आणि उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. नवरा वारल्यावर माहेरी निघून गेलेली एक सून. तिच्या माहेरी जाऊन वहीतलं नाव विचारलं, तर कुणालाच माहीत नाही. ते नाव सासरचं. भावाचं नाव घेऊन विचारलं तेव्हा घर सापडलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर तिसरंच काही. दोन्ही नावं एकाच बाईची, हे कागदावर आणायला चार खेपा झाल्या. पैसे व्याजासह दिले. तिनं पैसे मोजायच्या आधी विचारलं, "फोटो आणलाय का?" त्या दिवसांतला तिच्याजवळ एकही नव्हता. आम्ही तिला त्याची प्रत करून दिली.

महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम केला आहे. चांगलं झालं. पण तुमच्याआमच्या पेट्यांतले फोटो त्याआधीचे आहेत, आणि त्यांतली माणसं ओळखणाऱ्या आजी दरवर्षी कमी होताहेत.

तर एक काम. घरातले जुने फोटो काढा. मागच्या बाजूनं, कडेला, मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन वापरू नका, दाबलं की पुढच्या बाजूला उमटतं आणि शाईही उतरते. डावीकडून एकेकीचं नाव, सासरचं आणि माहेरचं दोन्ही, माहेरचं गाव, आणि आठवेल ते साल. साल नक्की नसेल तर 'धाकट्याच्या बारशाच्या वर्षी' एवढं लिहिलं तरी पुढच्याला धागा मिळतो. जी ओळखू येत नाही तिच्या जागी रेघ मारून ठेवा आणि फोटो दुसऱ्या घरी दाखवा. फोटोत चूल, हातमाग, गाडी, दुकानाची पाटी असं काही असेल तर तेही लिहा. त्यावरून साल लागतं.

पुढच्या बैठकीला एकेक फोटो घेऊन या. सासूबाईंना, आत्याबाईंना, नणंदांनाही आणा. पेन्सिली आम्ही आणतो.