तलवारीचा इतिहास आणि धान्याचा हिशेब
(रामटेक येथील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा सारांश)



रामटेकचा गड चढणाऱ्या यात्रेकरूला देवाआधी तटबंदी आणि दरवाजे दिसतात. देवगडच्या विजयानंतर पहिल्या रघूजी भोसल्यांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांच्या फौजेच्या पराक्रमाचे पोवाडे आपण आवडीने ऐकतो. परंतु ती फौज कोणाच्या धान्यावर जगली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जपानच्या सामुराईंचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला, तर त्याचे उत्तर सापडते.

जपानात १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली. पुढे तोकुगावांच्या अडीच शतकांच्या राजवटीत युद्धे जवळजवळ थांबली. सामुराई कारकुनी करू लागला. तरी त्याचा तांदळातील तनखा चालूच राहिला आणि तो शेतकऱ्याच्या पिकातूनच वसूल होत असे.

नागपूरकरांकडे शेतकरी आणि शिपाई यांत अशी पक्की भिंत नव्हती. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला तो सरकारातून मिळे आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीवर फौजा निघत. खर्च मात्र परमुलखाच्या रयतेवर पडे. १७५१ च्या तहाने बंगालवर सालीना बारा लाखांची चौथ बसली. बंगाली अंगाईगीतांत ‘बर्गी’ हा शब्द आजही भीतीचा आहे, हे आपल्या पोवाड्यांत येत नाही.

या दोन्ही वर्गांचा शेवट निरनिराळा झाला. १८१७ साली सीताबर्डीवर नागपूरकरांचा पराभव झाला. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती-घोडे व जडजवाहीर लिलावात निघाले. मुलखाचा वसूल कंपनीच्या तिजोरीत गेला. जपानात सामुराईंचे विशेषाधिकार त्यांच्यातूनच आलेल्या सत्ताधाऱ्यांनी रद्द केले. १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि तनख्यांऐवजी रोखे मिळाले. त्या रोख्यांतून काही बँका उभ्या राहिल्या. अनेक सामुराई मात्र व्यापारात बुडाले. १८७७ साली सायगोचे बंड सक्तीच्या भरतीच्या सैन्याने मोडले, त्यात शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने होती.

मग शेतकरी सुटला काय? नाही. नव्या राज्याचा मुख्य आधार १८७३ चा जमीनमहसूल होता; तोही रोखीने, जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के. शेतकऱ्यांनी दंगे केले, तेव्हा १८७७ साली तो अडीच टक्क्यांवर आला. सामुराई वर्ग संपल्यावर विसाव्या शतकात त्याच्या स्वामिनिष्ठेचे गोडवे गात लष्करशाहीने याच घरांतील पोरांना रणांगणावर मरायला पाठविले.

योद्धावर्ग मेल्यावर त्याचा गौरव अधिक स्वस्त होतो आणि नवे सत्ताधारी तो गरिबांच्या मुलांना विकतात. म्हणून गडाच्या बुरुजांकडे पाहताना कार्यकर्त्याने तलवारीबरोबर वसुलाचीही चौकशी करावी. शौर्याचा मान राखण्यास हरकत नाही. पण त्या शौर्याचे बिल कोणी चुकते केले, हे तरुणांना सांगणे हे आपले काम आहे.