वरिष्ठ वकुबाने उणा असेल तेव्हा
(खुटबाव येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. ज्येष्ठता आणि वकूब एकाच घरी नांदतील, असा नेम नाही. त्यामुळे आपल्याहून कमी जाणणाऱ्याच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर येतो.

तो बापू गोखल्यांवरही आला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर फौज त्यांच्या हाती होती आणि धनी, दुसरे बाजीराव, पर्वतीवरून लढाई पाहत होते. ग्रँट डफ लिहितो की, पहिली तोफ आपल्याकडून डागू नये, असा निरोप बाजीरावांनी धाडला. जासूद येताना पाहून बापूंनी मजकूर ताडला आणि तो पोचण्यापूर्वीच तोफा सुरू केल्या. लढाई हातची गेली. पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टी येथे बाजीराव निसटले, बापू लढता लढता पडले.

बापूंच्या निष्ठेपुढे मी नम्र आहे; पण निरोपाआधी तोफ डागण्याची ती रीत शाळेत चालणार नाही. शाळेत तेच दोघे उद्या पुन्हा एका छपराखाली उभे राहतात, आणि दोन हुकूम चालू झाले की पोरांना ते प्रथम कळते.

एका दोनशिक्षकी शाळेत चौथीची निम्मी मुले अडखळत वाचत. वाचनाप्रमाणे गट पाडावेत, ही बाईंची सूचना मुख्याध्यापकांनी दोनदा नाकारली. बाईंनी गावात बोभाटा केला नाही. त्यांनी प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घेतला आणि कोण अक्षरावर थांबतो, कोण जोडाक्षरावर, याची यादी केली. सोबत वेळापत्रकाचा मसुदा लिहून सहीची जागा मोकळी ठेवली. शाळा भरण्यापूर्वी, कोणी नसताना, तो गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींना वाचनाची पद्धती ठाऊक नव्हती, मुलांची घरे मात्र ठाऊक होती. कोणाचे आईबाप ऊसतोडीला आहेत, कोण सकाळी जनावरांमागे असतो, हे त्यांनीच यादीत भरले. गट सुरू झाले. तपासणीच्या वेळी श्रेय गुरुजींनी घेतले, बाई गप्प राहिल्या. हे सोपे नव्हे, हे मी जाणतो.

मात्र पोषण आहाराचा तांदूळ आणि हजेरीचे आकडे यांत अशी सबुरी नको. खोट्या नोंदीवर सही करू नये. मुख्याध्यापकांना लेखी कळवावे, प्रत आपल्यापाशी ठेवावी, आणि आठवड्यात हालचाल नसेल तर केंद्रप्रमुखांकडे जावे. मुलांना मारहाण होत असेल तर आठवडाही थांबू नये. त्याच दिवशी यावे.