कारभारी : हुद्दा, आडनाव आणि नाव



दिवसभर वऱ्हाडचे ऊन सोसून संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसणारा श्रोता मोठा सोशिक खरा. त्याच्या सोशिकपणाचा फार फायदा न घेता, त्याच्या रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दाविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे. तो शब्द म्हणजे 'कारभारी'.

हा विषय आम्हांला ग्रंथात सापडला नाही, बाजारात सापडला. मानोऱ्याच्या बाजूला एका आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एका वृद्ध बाईंना आम्ही सहज त्यांच्या यजमानांचे नाव विचारले. बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही जुनी रीत आम्हांला ठाऊक होती. पण हसण्याचे कारण कळेना. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "त्यायचं नावच कारभारी हाय जी." त्यावर पहिल्या बाई उसळून म्हणाल्या, "साऱ्या बायका नवऱ्याले कारभारी म्हनून मोकळ्या होतात. मी काय म्हनू?"

प्रश्न बिनतोड होता. नाव टाळण्यासाठी सर्व जगाने जो शब्द वापरायचा, तोच या माउलीच्या नशिबी नाव म्हणून आला होता! हुद्द्याचा शब्द माणसाचे नाव कसा होतो, आणि कोणते हुद्दे, कोणते धंदे नाव होण्याच्या योग्यतेचे ठरतात, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत राहिला.

आरंभ शब्दापासूनच करू. कार म्हणजे काम आणि भार म्हणजे ओझे. कामाचे ओझे जो वाहतो तो कारभारी. इतिहासात हा शब्द मोठ्या इतमामाने वावरतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुढे तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे ज्यांनी राज्य चालविले, ते बारभाई हे कारभारीच होते. त्यांतले नाना फडणवीस पाहा. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू. पण फडणिशीचे काम घराण्यात आले आणि भानू मागे पडून फडणवीस पुढे झाले. पेशव्यांचे मूळ आडनाव भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले आणि भटांचे पेशवे झाले. हुद्द्याने आडनावाला गिळून टाकावे, ही आपल्याकडची जुनी चाल आहे.

दूर पुण्याला जाण्याचेही कारण नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले. वऱ्हाडात इंग्रजी अंमल १८५३ साली आला आणि पुढे देशमुख-देशपांड्यांच्या हातचे परगण्याचे काम गेले. काम गेले, पण आडनाव राहिले. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे कूळ राठोडांचे. तांड्याची नायकी घरात होती म्हणून ते नाईक.

तांड्याचा उल्लेख आला, तो आपल्या जिल्ह्यात टाळताही येत नाही. पोहरादेवी आपल्याकडेच आहे. सेवालाल महाराजांच्या वडिलांना लोक भीमा नाईक म्हणत, यातही हुद्दा आहेच. बंजारा तांड्याची व्यवस्था अशी की नायक हा प्रमुख आणि कारभारी त्याचा उजवा हात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे तांडे देश पालथा घालीत, तेव्हा कोठे उतरावे, कोणाचे भांडण कसे मिटवावे, देणे-घेणे कसे उलगडावे, हे सारे त्या दोघांच्या डोक्यावर असे. वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, मालाची ने-आण आगगाडी करू लागली आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. तांडे एका जागी वसले. तरी नायक आणि कारभारी हे शब्द टिकले. कोठे मान म्हणून, कोठे आडनाव म्हणून.

आता आडनाव होणे ही एक पायरी. पण कारभारी ही त्याहून एक पायरी वर चढला आणि थेट पाळण्यात जाऊन बसला. आपल्या तांड्यांत, त्याचप्रमाणे नाशिक, नगर, संभाजीनगर या गोदावरीकाठच्या पट्ट्यात, शेतकऱ्यांच्या मागच्या पिढ्यांत कारभारी हे नाव आपणांस सर्रास ऐकू येईल. ते का ठेवीत असावेत? कोठे घरात तो मान होता म्हणून. कोठे थोरल्या पोराला लाडाने लावलेले नाव शाळेच्या दाखल्यात तसेच उतरले म्हणून. पण आमच्या मते खरे कारण तिसरेच आहे. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या कारभाराखाली मान वाकविली, त्या घरातल्या आजीला वाटले, वतन तर आपल्याला मिळायचे नाही, निदान नाव तरी मिळो! वतनाला सनद लागते; नावाला लागत नाही. ज्या गावात दृष्ट लागू नये म्हणून एका पोराचे नाव दगडू ठेवीत, त्याच गावात दुसऱ्याचे कारभारी ठेवीत. एक नाव भीतीतून आलेले, दुसरे आशेतून.

उत्तरेतही हीच तऱ्हा आहे. १९७० साली बिहारचे मुख्यमंत्री झालेल्या गृहस्थांचे नाव दरोगाप्रसाद राय असे होते. तिकडे सुभेदार, तहसीलदार ही नावे ठेवलेली माणसे आढळतात. आपल्याकडे पंडित आहे, सरदार आहे.

पण श्रोतेहो, या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहा. कारभारी आहे, दरोगा आहे, सुभेदार आहे. पण सुतार नाही, लोहार नाही, कुंभार नाही, शिंपी नाही. हुकूम करणाऱ्यांचे शब्द पाळण्यात गेले. हाताने काम करणाऱ्यांचे शब्द उंबऱ्याबाहेर उभे राहिले. गोपाळ म्हणजे गाई राखणारा, हे नाव आपण ठेवतो खरे. पण ते गुराख्याच्या गौरवासाठी नव्हे, देवाच्या नावासाठी!

इंग्रजी भाषेच्या मुलखात याच्या उलट झाले. मेसन म्हणजे गवंडी, टायलर म्हणजे कौले बसविणारा, टेलर म्हणजे शिंपी, कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा, कार्टर म्हणजे गाडीवान. ही सारी प्रथम आडनावे होती. १३८१ साली इंग्लंडातील शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी वॅट टायलर हा होता. पुढे आईच्या माहेरचे आडनाव मुलाला पहिले नाव म्हणून देण्याची रीत तिकडील घरंदाज कुळांत पडली आणि आडनावे पाळण्यात शिरली. कधी आवडत्या माणसाचे आडनाव घेतले जाते. गायिका टेलर स्विफ्ट हिचे नाव जेम्स टेलर या गायकावरून ठेवलेले आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत टायलर हे मुलांच्या पहिल्या दहा नावांत होते आणि २०११ साली मेसन दुसऱ्या क्रमांकावर होते. म्हणजे हजारो सुशिक्षित आईबापांनी आपल्या लेकराचे नाव हौसेने 'गवंडी' ठेविले!

तिकडचे लोक आपल्याहून उदार आहेत, असा याचा अर्थ कोणी करू नये. टायलर म्हणताना तेथे कोणाला कौले आठवत नाहीत. चारसहाशे वर्षांत नाव धंद्यापासून सुटले, कारण माणूस धंद्यापासून सुटला. आपल्याकडे धंदा जातीला बांधलेला आणि जात जन्माला. शिंपी म्हटले की कात्री दिसण्याआधी पंगतीतली जागा दिसते. म्हणून हा शब्द सुटला नाही. उलट आडनावातूनही तो पुसावा म्हणून राजपत्रात नावबदलाच्या सूचना देणारी माणसे आहेत. त्यांना हसू नये. ज्या शब्दाने चारचौघांत आपली पायरी ठरते, तो शब्द माणूस टाकणारच.

तरी दोन अपवाद आमच्या मनाला धीर देतात. गोऱ्हे घराण्याने फुलांचा व्यवसाय केला म्हणून त्याला फुले म्हणू लागले आणि त्यात जोतीराव जन्मले. दुसरा अपवाद गांधींचा. आपले पूर्वज मूळचे किराणा विकणारे असावेत, हे गांधीजींनीच आत्मकथेच्या आरंभी सांगितले आहे. त्या दुकानदारी आडनावाला पुढे अशी थोरवी आली की दक्षिणेत माणसांनी मुलांची पहिली नावे गांधी ठेविली. आडनाव धंद्याचेच होते. जोतीराव आणि गांधीजी त्यातून जे करून गेले, त्यामुळे ते मोठे झाले.

जाता जाता त्या बाजारातल्या बाईंकडे पुन्हा एकदा जाऊ. कारभाऱ्याच्या बायकोला कारभारीण म्हणतात. पण मुलीचे नाव म्हणून तो शब्द पाळण्यात गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिने ते नाव लग्न करूनच मिळवायचे. २०११ साली आपल्या राज्याने ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या आणि कितीतरी गावांत बाई सरपंच झाली. तरी पंचायतीच्या खुर्चीत तिची सही घेऊन तिचे यजमानच बसलेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिच्या डोक्यावर भार आणि यांच्या हाती कार, अशी ही वाटणी!

कारभारी हे नाव आज पाळण्यात फारसे ठेवीत नाहीत. नव्या पिढीला नवी नावे हवीत, त्याला आमची हरकत नाही. पण ज्या आजीने ते ठेविले, तिची इच्छा जुनी झालेली नाही. आपल्या लेकराच्या शब्दाला गावात किंमत असावी, एवढेच तिला हवे होते. ती किंमत सुताराच्या लेकराला सुतार म्हणवून घेताना मिळाली पाहिजे, आणि कारभाऱ्याच्या लेकीलाही मिळाली पाहिजे.