देणगी, मेहेरबानी आणि हिशेबाची वही



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा शिरस्ता आहे. आमचे शिक्षण निम्मे कारखान्यात आणि निम्मे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे ‘निवडणुकीच्या देणग्या, सरकारी खर्चातील मेहेरबान्या आणि त्यांवर विधिमंडळांची देखरेख’ हा विषय चालकांनी सुचवला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. मग विचार केला की, वर्गणी गोळा करणे आणि पै-पैचा हिशेब देणे हेच काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. या विषयाचे मूळ तेवढ्यातच आहे. तेव्हा पुस्तकातून नव्हे, आमच्याच एका चुकीपासून आरंभ करतो.

१९९६ सालची गोष्ट. आमच्या युनियनच्या कचेरीचे पत्रे सडले होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. कारखान्याच्या कँटीनचा कंत्राटदार आपण होऊन आला आणि वीस हजार रुपये देऊन गेला. आम्ही त्याला रीतसर पावती दिली, रक्कम वहीत जमा केली. त्याने काही मागितले नाही, आम्ही काही कबूल केले नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास कँटीनच्या जेवणाविषयी तक्रारी येऊ लागल्या. एरवी आम्ही दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाच्या टेबलावर ताट नेऊन ठेवले असते. या वेळी मात्र “जरा सबुरीने घेऊ, त्याचीही बाजू ऐकू” असे म्हणत आम्ही तीन महिने काढले.

शेवटी सभेत झाडू खात्यातील एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या हापिसात पाणी गळायचं थांबलं, म्हणून आमच्या डाळीतलं पाणी तुम्हाला दिसंना झालं का?”

सभा हसली. आम्हांला हसता आले नाही. बाईंचे म्हणणे खरे होते, आणि ते खरे आहे हे त्या क्षणापर्यंत आमचे आम्हांलाही कळले नव्हते. आम्ही सभासदांकडून जादा वर्गणी काढून वर्षभरात ती रक्कम परत केली. कारखान्याशी देण्याघेण्याचा संबंध असलेल्या कोणाकडूनही पैसा घ्यायचा नाही, असा ठरावही त्याच वर्षी केला.

ही हकीगत सांगण्याचे कारण एवढेच. त्या वेळी आमच्यावर एखादी चौकशी समिती बसली असती, तर आम्ही निर्दोष सुटलो असतो! लाच घेतल्याचा पुरावा नाही, वचन दिल्याचा पुरावा नाही, पावती मात्र आहे. तरीही डाळीत पाणी होतेच. देणगी बोलत नाही, ती घेणाऱ्याची जीभ जड करते. ही जड झालेली जीभ पकडायची कशी, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर जिथे उभा राहिला आणि ज्याची कागदपत्रे जगापुढे आली, असे एक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील कायदेमंडळात सरकारी खर्चाची विधेयके तयार होत असताना, अमुक रक्कम अमुक कामासाठी किंवा अमुक कंपनीसाठी राखून ठेवावी, अशी नोंद एखादा सभासद घालू शकत असे. या नोंदीला ‘इअरमार्क’ म्हणतात. जनावर आपले आहे हे ओळखावे म्हणून त्याच्या कानाला खूण करण्याची जी रीत, तिच्यावरून हा शब्द आला. खुणेची ही सोय मुळात वाईट नव्हे. आपल्या भागातल्या पुलासाठी, इस्पितळासाठी सभासदाने भांडावे, हे त्याचे कामच आहे. पण जिथे खूण करण्याचा अधिकार असतो, तिथे खूण करवून घेणारेही जमतात.

रँडी कनिंगहॅम नावाचे एक सभासद होते. त्यांनी संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडून चोवीस लाख डॉलरांची लाच घेतली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. २००६ साली त्यांना आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. एवढ्या रकमेचे कंत्राट हवे असेल तर एवढे द्यावे, असा दरच त्यांनी स्वतःच्या कार्यालयीन कागदावर लिहून दिला होता! असा माणूस पकडणे सोपे असते. प्रश्न उरतो तो काहीच न लिहिणाऱ्यांचा.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये ‘पीएमए ग्रुप’ नावाची एक पेढी होती. कंपन्यांच्या वतीने सभासदांना भेटून त्यांचे मन वळवणे हा तिचा धंदा, आणि हा धंदा तिकडे कायदेशीर आहे. पेढीचा मालक पॉल मॅग्लिओकेटी हा पूर्वी संरक्षण खर्चाच्या उपसमितीच्या कचेरीत नोकरीला होता. त्याची पेढी आणि तिचे गिऱ्हाईक असलेल्या कंपन्या त्याच उपसमितीच्या सभासदांना निवडणुकीसाठी देणग्या देत, आणि त्या कंपन्यांसाठी खर्चाच्या विधेयकांत रकमा राखल्या जात. नोव्हेंबर २००८ मध्ये पेढीवर छापा पडला, २००९ साली ती बंद झाली. पुढे मॅग्लिओकेटीने दुसऱ्यांची नावे पुढे करून बेकायदा देणग्या दिल्याचे कबूल केले आणि २०११ साली त्याला सत्तावीस महिन्यांची शिक्षा झाली.

देणाऱ्याचे असे झाले. घेणाऱ्यांचे काय झाले? तेथील प्रतिनिधिगृहात सभासदांच्या वर्तनाची चौकशी दोन पायऱ्यांनी होत असे. पहिली पायरी २००८ साली निर्माण झालेल्या एका स्वतंत्र कचेरीची. तिच्या मंडळावर विद्यमान सभासद नसत. मात्र साक्षीदाराला हजर करण्याचा किंवा कागद सक्तीने मागवण्याचा अधिकार तिला दिलेला नव्हता. दुसरी पायरी सभासदांच्याच आचार समितीची, आणि अखेरचा शब्द तिचा. कचेरीने उपसमितीच्या सात सभासदांची प्रकरणे तपासली. पाच निकालात काढावीत, दोघांची अधिक चौकशी व्हावी, असे तिने सुचवले. आचार समितीने फेब्रुवारी २०१० मध्ये सातही जणांना मोकळे केले. एखाद्याने देणगी दिली आणि त्याच्यासाठी रकमेची नोंद झाली, एवढ्या दोन गोष्टींवरून सभासदाने गैरवर्तन केले असे ठरत नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता.

श्रोतेहो, कायद्याच्या दृष्टीने हे चूक म्हणता येणार नाही. देणगीबद्दल सभासदाला गुन्हेगार ठरवायचे, तर तिच्या बदल्यात अमुक करीन असे स्पष्ट वचन दिल्याचे दाखवावे लागते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच म्हटले होते. केवळ संशयावरून कोणाला दोषी ठरवू नये, हे आम्हां कामगारांना तर चांगलेच ठाऊक आहे. कारण संशयावरून कामावरून काढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पण मग समितीचे काम न्यायालयापुरतेच उरले, तर समिती हवी कशाला? गुन्हेगार शोधायला न्यायालय आहे. समितीने डाळीतले पाणी पाहायचे असते.

सभासदाच्या मनात काय होते याचा शोध अमेरिकेतही निष्फळ ठरला. उपयोग झाला तो मनाऐवजी वहीवर नियम घातल्याचा. २०११ पासून या खुणा बंद झाल्या. २०२१ साली प्रतिनिधिगृहाने त्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी रक्कम मागायची नाही, प्रत्येक मागणी सभासदाने आपल्या नावाने जाहीर करायची, आणि तीत आपला आर्थिक संबंध नसल्याचे लिहून द्यायचे, असे नियम घातले. हेतू कोणाला सिद्ध करता आला नाही, पण वाट अरुंद करता आली.

आता घरी येऊ. आपल्याकडे सुरुवात चांगली झाली होती. १९५१ साली हंगामी संसदेतील सभासद एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेसाठी पैसे घेऊन संसदेत काम केल्याचा आरोप आला, तेव्हा चौकशीचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. मुद्गल त्यांच्याच पक्षाचे होते! हकालपट्टीचा ठराव पुढे येताच मुद्गलांनी राजीनामा दिला, तरी सभागृहाने आपला निषेध नोंदवलाच. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, तीही संसदेनेच केली. राज्यसभेची आचार समिती १९९७ साली झाली, तिचे पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण होते. लोकसभेची समिती २००० साली आली आणि २०१५ साली कायम झाली. परंतु हाती रोख पैसे घेतलेला खासदार सापडला, तर या व्यवस्थेचे हात चालतात. पक्षाच्या खात्यात आलेल्या देणगीपुढे ते थांबतात.

या देणगीविषयी इशारा मिळाला नव्हता असे नाही. १९५७ साली टाटा पोलाद कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल मागितला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण अशा पैशापासून लोकशाहीला असलेला धोका निकालपत्रातच बजावून सांगितला. पुढे १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि १९८५ साली ती उठली. २०१३ च्या कायद्याने साडेसात टक्के नफ्याची मर्यादा ठेवली. ती २०१७ साली काढून टाकली, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले, हे मतदाराला कळण्याची सोयच त्यांत नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि याद्या उघड करायला लावल्या. मग वर्तमानपत्रांनी देणग्यांच्या तारखा आणि कंत्राटांच्या, छाप्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. विशेष पथक नेमून चौकशी करावी ही मागणी न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी अमान्य केली. सामान्य कायद्याचे मार्ग आधी वापरावेत, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आपणही त्याच वळणावर येऊन उभे आहोत. तारखा शेजारी आहेत, वचन कुठे लिहिलेले नाही.

आता एक तुलना करतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने आमच्यावर बंधन घातले की, राजकीय कामासाठी पैसा खर्चायचा तर वेगळा निधी ठेवा. त्यात वर्गणी देण्याची सक्ती कोणावर करू नका. वह्या सभासदाला पाहू द्या आणि दरवर्षी तपासलेला हिशेब सरकारी निबंधकाकडे पाठवा. वेगळ्या निधीचा हा नियम २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवला आहे. आमची याबद्दल तक्रार नाही. उलट या नियमांनी आम्हांला सरळ ठेवले. पण झाडूवाल्या बाईच्या चार आण्यांवर शंभर वर्षांपूर्वी जो पहारा बसला, तो कोट्यवधींच्या देणगीवर बसवताना मात्र आपण गुप्ततेचे गुण गाऊ लागतो, हे कसे?

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिले, देणगीदारांची यादी आणि सरकारी कंत्राटे व सवलती मिळालेल्यांची यादी तारखांसह एकाच ठिकाणी, कोणालाही वाचता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. दुसरे, ज्याची देणगी घेतली त्याच्या कामाविषयी सभासदाने आधी सभागृहाला सांगावे आणि त्या विषयावर मत देऊ नये. तिसरे, पहिली चौकशी सभागृहाबाहेरच्या माणसांनी करावी, आणि कागद मागवण्याचा अधिकार त्यांना असावा. अखेरचा निर्णय सभागृहाचा असो, पण तो निर्णय कारणांसह लोकांपुढे यावा.

यात कोणाला चोर म्हटलेले नाही. आम्हीही त्या वेळी चोर नव्हतो. आम्हांला वाचवले ते आमच्या सचोटीने नव्हे. कचेरीचे पत्रे कोणाच्या पैशांचे आहेत, हे त्या बाईंना ठाऊक होते, आणि उठून विचारण्याचा हक्क आपल्याला आहे हेही ठाऊक होते. कारण वही उघडी होती. वही उघडी असेल, तर विचारणारे माणूस कुठून तरी उठतेच. ती मिटलेली असेल, तर उठणार कोण आणि विचारणार काय?