कांद्याच्या मुळापासून



वैजापूरच्या मुलांना कांद्याची ओळख करून द्यायला नको. पण ज्यांनी विज्ञान घेतलं, त्यांनी प्रॅक्टिकलमध्ये तो वेगळाच पाहिला असेल. मुळाचं टोक कापायचं, ॲसिटोकार्मिनमध्ये गरम करायचं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. बराच वेळ काही सापडत नाही. मग एखादी पेशी नेमकी विभागताना दिसते आणि तिची सोळा गुणसूत्रं लाल दोऱ्यांसारखी समोर येतात. मी रक्ताच्या मूलपेशींवर काम करते. माझी वाट त्या काचपट्टीपासूनच सुरू झाली.

कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांचीही वाट अशीच होती. १९१७ साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शाळा, मग फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा, आणि मुलगी रमली वनस्पती-प्राण्यांत. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. अभ्यास कशाचा? सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांचा. आपल्या दौलताबादच्या सीताफळाचंच हे कुळ. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गुणसूत्रं पाहायला शिकलेली नजर पुढे माणसाच्या सगळ्यात भयंकर आजाराकडे वळली आणि तिथेही ती कामी आली.

मुंबईत टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. मग अमेरिकेत बाल्टिमोर. ज्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण महिलेच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढू लागल्या, त्याच प्रयोगशाळेत त्या शिकल्या. आणि परत आल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ल्युकेमिया, स्तनाचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग यांचा प्राण्यांवर अभ्यास केला.

ल्युकेमिया म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात पटकन समजतं. हाडांच्या आतल्या मज्जेत मूलपेशी असतात. त्यांच्यापासून दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात, शिवाय पांढऱ्या वेगळ्या. त्यातल्या एकाच पेशीत बिघाड होतो आणि तिची पिलावळ वाढतच जाते. तण माजलं की पिकाला जागा उरत नाही, तसं होतं.

१९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना एका प्रकारच्या ल्युकेमियात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. बस, एवढंच. त्याचा उरलेला तुकडा गेला कुठे, हे १९७३ साली जॅनेट रॉली यांनी शोधलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या जुळवत बसत. बाविसाव्याचा तुकडा नवव्याला चिकटला होता! त्या चुकीच्या सांध्यातून जे बिघडलेलं प्रथिन तयार होतं, त्याला रोखणारी गोळी २००१ मध्ये रुग्णांच्या हाती आली. एक्केचाळीस वर्षं. पूर्वी ज्या निदानापुढे घरं हतबल व्हायची, ते झालेली कितीतरी माणसं आज रोज गोळी घेऊन आपलं दुकान, आपलं शेत सांभाळतात. हे सांगताना आजही माझा गळा भरून येतो.

कमलताई गेल्या त्या २००१ मध्येच. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. पण मला त्या आठवतात त्या निवृत्तीनंतरच्या. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या राजूर भागात, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या आणि तिथल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देणाऱ्या. बाल्टिमोर पाहून आलेली ही बाई पोरांच्या ताटात काय पडतं ते तितक्याच बारकाईने पाहत होती.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही शिक्षक होतील, काही पुन्हा शेतात जातील. एक मागणं आहे. गावच्या शाळेत एखादा जुना सूक्ष्मदर्शक कपाटात पडून असेल, तर तो बाहेर काढा. पाणी भरलेल्या पेल्यावर कांदा ठेवा, बूड पाण्याला टेकलं की दोन-तीन दिवसांत मुळं फुटतील. ती सकाळी कापा. त्या वेळी विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात.