शाळेचे दार आणि घरातील भाकरी

(जबलपूरच्या रांझी भागात मराठी भाषिक कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे केलेले भाषण)



शिक्षणाने दारिद्र्य हटते, हे वाक्य आज कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडेल. कारखानदारही ते म्हणतो, मंत्रीही म्हणतो, आणि आपल्या घरातील आईही मुलाला पहाटे उठवताना तेच म्हणते. तिघांच्या तोंडी शब्द एकच असले तरी अर्थ एक नाही. आईला त्या वाक्याची किंमत ठाऊक असते, कारण ती तिने स्वतः मोजलेली असते. ती किंमत कोणती आणि ती कोणी मोजावी, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

पक्षाच्या पत्रासाठी अनुवादाचे काम करताना सरकारी अहवालांतील ‘ॲक्सेस’ या इंग्रजी शब्दाशी माझी वारंवार गाठ पडते. त्याला ‘प्रवेश’ म्हणावे, तर हजेरीपटावर नाव चढले की काम संपले असा अर्थ होतो. ‘संधी’ म्हणावे, तर ती सोडतीच्या चिठ्ठीसारखी वाटते. ‘पोहोच’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा. पोहोचायचे म्हटले की चालणे आले, आणि चालायचे तर पोटात काही असावे लागते. आपल्या भाषेत पोहोच म्हणजे पावती असाही अर्थ आहे. सरकार बहुधा या दुसऱ्या अर्थाची पोहोच देऊन मोकळे होते, ही गोष्ट निराळी.

दूरचे उदाहरण नको. याच मध्य प्रदेशातील महू छावणीत १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांच्या जीवनकथेतून आपण सहसा बुद्धिमत्ता आणि जिद्द तेवढी उचलतो. त्या कथेचा पाया मात्र लष्करी छावणीत आहे. जुन्या लष्करात सैनिकांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. वडील सुभेदार रामजी स्वतः त्या शिक्षणातून पुढे आले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. गावकुसाबाहेरच्या कुटुंबाला छावणीत नियमित पगार, राहण्याची जागा आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या. ज्या समाजाला गावात पाणवठ्यावर जाऊ दिले जात नव्हते, त्या समाजात या मार्गाने एका पिढीतच वाचणारी, लिहिणारी, अर्ज करणारी माणसे उभी राहिली. पुढे १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रज सरकारने महार समाजाची लष्करभरती बंद केली. देशात शाळा होत्याच, त्या कोणी बुडवल्या नव्हत्या. शाळेपर्यंत नेणारी शिडी मात्र काढून घेतली गेली.

शिडी गेल्यानंतर काय होते, तेही त्याच घरात पाहावे. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. वडील पहाटे दोन वाजता त्याला अभ्यासासाठी उठवीत, आणि पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून आणीत. मॅट्रिकनंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर तो विद्यार्थी कॉलेजात किती दिवस टिकला असता? १९१३ साली तो कोलंबिया विद्यापीठात गेला, तोही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर.

महात्मा फुले यांनी हे सारे फार आधी ओळखले होते. १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी पुण्यात रात्रशाळा चालवली. दिवसा ज्याला राबावे लागते त्याला दिवसाची शाळा निरुपयोगी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही पहिली. दुसरी अशी की, गरीब शेतकरी मुलाला शाळेत धाडत नाही याचे मोठे कारण दारिद्र्य आहे. गुरे राखायला आणि शेत पाहायला त्याला ते मूल लागते. म्हणून वयाच्या निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, पण त्याबरोबर गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, अशी त्यांची मागणी होती. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच चालू शिष्यवृत्त्या मिळतात, ही टीकाही त्यात आहे. गुराख्याच्या मजुरीचा हिशेब शिक्षणखात्यापुढे मांडणारा तो कागद आजही वाचावा असा आहे.

त्यानंतर तीस वर्षांनी, १९१२ च्या मार्च महिन्यात, गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधकांत इंग्रज अधिकारी होते, तसे हिंदी जमीनदारही होते. ज्याच्या शेतात पोरे स्वस्तात राबतात, त्याला ती शाळेत जावीत असे का वाटावे? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्यात मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकास दंड होता. गरिबाला दंड करणे मला एरवी पटले नसते. पण ज्या राजाने १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, त्याला सक्तीचा अधिकार पोहोचतो. राहण्याची सोय आधी, दंड नंतर, हा क्रम त्याने पाळला होता.

कर्मवीर भाऊराव पाटील हे त्याच कोल्हापुरात शिकले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले होते. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. शाळा शहरात आहे, पण गाव शाळेपासून दहा कोस आहे, आणि मुलाजवळ शहरात भाकरी मिळवण्याची सोय नाही, ही अडचण त्यांनी नेमकी पकडली होती. म्हणून वर्ग, फळा आणि शिक्षक यांच्या आधी त्यांनी चूल पेटवली. वेगवेगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसत, स्वयंपाक स्वतः करीत, शेतात खणत आणि शिकत. गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा केले जाई. ते पुरेना तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. पश्चिम महाराष्ट्रातील किती शेतकऱ्यांच्या घरांतला पहिला शिक्षक, पहिला कारकून, पहिला डॉक्टर त्या चुलीवरच्या भाकरीवर वाढला, याचा हिशेब कोणत्याही खात्याकडे नाही.

‘कमवा आणि शिका’ या योजनेचे कौतुक करताना एक भान मात्र ठेवले पाहिजे. श्रमांची प्रतिष्ठा हे तिचे मोल आहेच. परंतु श्रीमंताचा मुलगा खणल्यावाचून शिकतो आणि गरिबाच्या मुलाने खणून शिकावे, हा कायमचा न्याय होऊ शकत नाही. परक्या सरकारने जबाबदारी टाळली म्हणून भाऊरावांनी ती रयतेच्या खांद्यावर घेतली. तो त्याग पुढे करून स्वतंत्र देशातील सरकारांनी आपले हात झटकावेत, हे त्या माणसाला खचितच रुचले नसते.

आता रांझीकडे वळू. १९०४ साली गन कॅरेज कारखाना आला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी आली आणि ‘शक्तिमान’ ट्रक येथून रस्त्यावर उतरले. गोकलपूरला १९४७ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. मराठी माणसे येथे निरनिराळ्या वाटांनी आली. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर होते, दवाखाना होता, ठरलेल्या तारखेला पगार होता, चालत जाण्याच्या अंतरावर केंद्रीय विद्यालय होते. अशा घरातून मूल शिकून वर गेले, तर त्याचे सगळे श्रेय शाळेला देणे हा पगारावर अन्याय होईल, आणि तो पगार टिकवण्यासाठी लढलेल्या युनियनवरही होईल. महूच्या छावणीत जे एका कुटुंबाला मिळाले होते, तेच येथे हजारोंना मिळाले.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुधनिर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. खमरियाचे मुख्यालय आता पुण्यास, व्हेईकल फॅक्टरीचे आवडीस, गन कॅरेजचे कानपुरास. त्याच वर्षी या क्षेत्रातील संपाला मनाई करण्याचा अधिकार देणारा कायदाही संसदेने केला. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचे मूल आणि कायम कामगाराचे मूल एकाच रस्त्याने शाळेला निघते. एकाच्या बापाला पुढच्या महिन्याचा पगार ठाऊक असतो, दुसऱ्याच्या बापाला पुढचा महिनाच ठाऊक नसतो. तेव्हा दोघांना समान संधी आहे असे कोणी म्हणाले, तर संधी या शब्दाचा अर्थ त्याला विचारावा.

कायदा आहे, हे खरे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत मागितले होते, सव्वाशे वर्षांनी चौदापर्यंत मिळाले. पण चौदा वर्षे हे वय कोणते? गॅरेजमध्ये, हॉटेलात, वीटभट्टीवर ज्या वयात मूल ‘उपयोगी’ ठरू लागते, ते वय. नेमक्या त्या वळणावर कायदा त्याचा हात सोडतो. जे मिळाले तेही निर्वेध नाही. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांमधून बहुसंख्य शाळांची सुटका करणारी अधिसूचना महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढली. पालक व संघटना न्यायालयात गेल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. कोणी हलले नसते तर ती आजही चालू असती.

शाळेतील दुपारच्या जेवणाची कथाही अशीच आहे. शिजवलेले अन्न द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. तोही अन्नाच्या हक्कासाठी केलेल्या याचिकेमुळे निघाला. भाऊरावांची चूल अखेर सरकारी शाळेत पेटली, असे मी त्याचे वर्णन करीन. ती पेटती ठेवणाऱ्या बाईचे मानधन केंद्राने २००९ साली महिना १,००० रुपये ठरवले, वर्षातील दहा महिन्यांपुरते. राज्ये आपल्या परीने भर घालतात. दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत टिकवणाऱ्या या बाईने आपले मूल कशावर शिकवावे?

म्हणून युनियनच्या मागण्यांच्या यादीत पगार, बोनस आणि पेन्शन यांच्या जोडीला काही गोष्टी घातल्या पाहिजेत. ठेक्यावरील कामगारांच्या मुलांना वसाहतीतील शाळांत जागा मिळाली पाहिजे. आठवीनंतर बारावीपर्यंत शिष्यवृत्ती हवी, आणि ती वर्ष संपल्यावर न देता वर्षाच्या आरंभी द्यावी, कारण वह्यापुस्तके तेव्हाच लागतात. एका खोलीत सहा माणसे राहतात अशा घरांतील मुलांसाठी रात्री दिवा असलेली एखादी अभ्यासाची खोली हवी. युनियनच्या कचेरीची खोली संध्याकाळनंतर रिकामीच असते. ज्या घरातले मूल नववीत दिसेनासे झाले, त्या घरी दोघांनी जावे, आणि प्रथम बापाच्या मजुरीची चौकशी करावी.